मुन्सिपालटी

1862 साली नागपूरच्या मुलुखातून वर्धा जिल्हा वेगळा निघाला, 1866 साली पालकवाडीच्या जागी नवे शहर वसले, आणि पुढच्याच वर्षी लोहमार्ग नागपूरपर्यंत पोहोचून हिंगणघाटच्या कापसास मुंबईची वाट सुकर झाली. या स्थित्यंतरात कास्तकार, मालगुजार आणि अर्जनवीस यांच्या कानांवर जे इंग्रजी शब्द पडू लागले, त्यांत ‘म्युनिसिपालिटी’ हा विशेष लांबलचक होय.

इंग्रज मनुष्य या शब्दाचे सहा अवयव पाडतो, चौथ्यावर उच्चाराचा मुख्य आघात देतो, दुसऱ्यावर गौण, आणि उरलेले स्वर जेमतेम उच्चारून पुढे सरकतो. देवनागरीत स्वर आपल्या आधीच्या व्यंजनाला घेऊन बसतो, म्हणून शाळेच्या फळ्यावर म्यु-नि-सि-पा-लि-टी अशी सहाच अक्षरे उमटत, आणि विद्यार्थी ती सारख्याच वजनाने घोकीत. कचेरीच्या ओसरीवर मात्र, जेथे शब्द डोळ्यांनी नव्हे तर कानांनी शिकावा लागे, त्याचे ‘मुन्सिपालटी’ झाले व अवयव चारच उरले.

शिक्षितांनी यास अपभ्रंश म्हणून हिणविले. तो निवाडा मला अन्यायाचा वाटतो. गळालेल्या दोन इकारांपैकी ‘लि’मधला इंग्रजाच्या तोंडीही दुबळाच असतो, परंतु ‘नि’वर तर गौण आघात आहे, आणि तरीही तो गेला. ‘कापूस’ या शब्दाला प्रत्यय लागताच ‘कापसाला’ होते, ‘उंदीर’चे ‘उंदराला’ होते, आणि बोलताना मधला स्वर इतका क्षीण होतो की दोन व्यंजने एकमेकांस भिडतात. मधल्या ऱ्हस्व स्वराला न जुमानण्याची हीच मराठी जिभेची सवय परक्या शब्दावरही चालली. मुख्य आघाताचा ‘पा’ तेवढा दीर्घ होऊन टिकला, यावरून ऐकणाऱ्याचा कान किती तीक्ष्ण होता हे ध्यानी यावे. ज्याला शब्दाची वर्णरचना कोणी दाखविली नव्हती, त्याने त्याचे मर्मस्थान अचूक हेरले, आणि बाकीचे आपल्या भाषेच्या कायद्याने निकालात काढले.

1937 च्या ऑक्टोबरात याच वर्ध्यास मारवाडी विद्यालयात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षणपरिषद भरली. पुढे झाकीर हुसेन समितीने मातृभाषेतून सात वर्षांच्या शिक्षणाचा जो आराखडा आखला, त्यात इंग्रजीस स्थान नव्हते. त्या शाळांतील मुलांना इंग्रजी वर्णांची घोकंपट्टी चुकली. ‘मुन्सिपालटी’ मात्र ती वडीलधाऱ्यांच्या तोंडूनच शिकली.