लिहून कुणी दिलं?

गेल्या यात्रेला म्हसवडला गेलो होतो. सिद्धनाथाचा रथ यायला वेळ होता. चुलत बहिणीनं मला माडीवर बोलावलं आणि हेडफोन हातात दिला. म्हणाली, "दादा, अजून कुणालाच ऐकवलं नाही. तुलाच पहिल्यांदा ऐकवतीय."

सहा गाणी होती. रॅप. बीट यूट्यूबवरून फुकट घेतलेले, रेकॉर्डिंग मोबाइलवर. बाहेरच्या गाड्यांचे हॉर्न येऊ नयेत म्हणून डोक्यावर गोधडी घेऊन केलेलं. एक गाणं पाण्याच्या टँकरची वाट बघण्यावर होतं, त्यात 'टँकर'ला 'अंतर' आणि मग 'मंतर' असं काहीतरी जुळवत ती एका दमात आठ ओळी गेली होती. एक गाणं काकांवर, म्हणजे तिच्या वडिलांवर. ते आमच्याकडच्या पुष्कळ लोकांसारखे गलाईच्या धंद्यात आहेत, तमिळनाडूत. मुलगी व्हिडिओ कॉलवर मोठी होते, अशी त्या गाण्यातली कल्पना होती. तिच्या लेखी हा अल्बम होता. कव्हरसुद्धा तिनंच केलं होतं.

मी हेडफोन काढला आणि म्हणालो, "भारी झालंय. पण लिहून कुणी दिलं?"

ती एवढंच म्हणाली, "कुणी म्हणजे?" मग फोन घेतला आणि खाली गेली. थोड्या वेळानं रथ आला, गुलाल-खोबऱ्याची उधळण झाली, आम्ही सगळे त्यात रंगलो. पण ती माझ्याशी त्या दिवशी पुन्हा बोलली नाही. त्यानंतर तिनं मला एकही गाणं पाठवलेलं नाही.

म्हणजे एका मुलीच्या पहिल्या अल्बमची पहिली समीक्षा मी केली आणि ती सहा शब्दांची होती.

मी शाळेपासून रॅप ऐकतोय. एमिनेम ऐकला, नेझी ऐकला, डिव्हाइन ऐकला, एमसी स्टॅनसुद्धा ऐकला. यातल्या एकाचंही गाणं ऐकताना 'याला लिहून कोण देतं' असा प्रश्न माझ्या डोक्यात आल्याचं आठवत नाही. मग तिच्याच वेळी का आला? पुण्याला परत आल्यावर मी या एका प्रश्नाचा इतिहास शोधायला लागलो. तो माझ्यापेक्षा बराच जुना निघाला.

रॅपमध्ये हा प्रश्न वाईट आहे असं नाही, हे आधी सांगितलं पाहिजे. नटाला कुणी विचारत नाही की संवाद तू लिहिलेस का. पार्श्वगायिकेलाही विचारत नाहीत. रॅपरला विचारतात, कारण या कलेचा पायाच तो आहे: माझं आयुष्य, माझे शब्द, माझं तोंड. आपल्याकडे शाहिरांच्या कलगीतुऱ्यात हेच असायचं. समोरच्या फडानं कवनातून कोडं घालायचं आणि आपण कवनातूनच उत्तर द्यायचं. उसनं पाठांतर तिथं फार वेळ टिकत नाही. तेव्हा प्रश्न चुकीचा नाही. तो कुणाला विचारला जातो, इथं गडबड आहे.

१९८४ साली न्यूयॉर्कच्या क्वीन्सब्रिज वस्तीतल्या १४ वर्षांच्या एका मुलीनं 'रॉक्सॅन्स रिव्हेंज' नावाचं गाणं रेकॉर्ड केलं. तिचं नाव रॉक्सॅन शांते. यूटीएफओ नावाच्या पुरुषांच्या गटानं भाव न देणाऱ्या एका मुलीवर गाणं केलं होतं, शांतेनं त्याच मुलीच्या बाजूनं उत्तर दिलं. आपल्या भाषेत सांगायचं तर तुऱ्याला कलगीचा जबाब. त्या जबाबाला जबाब, त्याला पुन्हा जबाब अशी गाण्यांची रांगच लागली. तिची ख्याती होती ती उभ्याउभ्या रचण्याबद्दल.

पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कमधल्या एका मोठ्या रॅप स्पर्धेत ती अंतिम फेरीपर्यंत पोचली. समोर बिझी बी हा नावाजलेला रॅपर होता. परीक्षकांमध्ये कर्टिस ब्लो होता, रॅपमधला त्या काळचा मोठा तारा. त्यानं तिला इतके कमी गुण दिले की ती हरली. एवढीशी पोरगी अव्वल ठरली तर या कलेला लोक गंभीरपणे घेणार नाहीत, असा त्यामागचा विचार होता, हे पुढे उघडपणे बोललं गेलं. म्हणजे तिनं काय म्हटलं यावर निकाल लागला नाही. ती जिंकली तर आपल्या कलेचं काय होईल, यावर लागला.

शांतेचा पहिला अल्बम 'बॅड सिस्टर' १९८९ साली आला. त्याच्या काही गाण्यांचे शब्द बिग डॅडी केनचे होते. केन हा तिच्याच जूस क्रू या गटातला, शब्दांवर जबरदस्त पकड असलेला रॅपर. म्हणजे तिच्या बाबतीत माझा प्रश्न अगदीच निराधार ठरला नसता. पण याच केननं त्याच गटातल्या बिझ मार्कीलाही गाणी लिहून दिली होती. बिझचा पहिला अल्बम 'गोइंग ऑफ' १९८८ चा. त्यातल्या गाजलेल्या गाण्यांवर केनचा हात आहे. बिझ मार्की मात्र लोकांच्या मनात राहिला तो गमत्या, अवलिया, सगळ्यांचा लाडका म्हणून. एकच लेखक, एकच गट, सालंही जवळजवळ तीच. एकासाठी ती दोस्तीतली मदत होते आणि दुसरीसाठी पुरावा.

त्याच १९८८ मध्ये एमसी लाइटचा 'लाइट अ‍ॅज अ रॉक' आला. एकट्या स्त्री रॅपरचा पहिला पूर्ण अल्बम म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. तेव्हा ती सतरा वर्षांची होती. त्यातलं एक गाणं तिनं त्याही आधी, शाळकरी वयात लिहिलेलं. विषय काय, तर आपल्या प्रियकराला दुसरीचा नाद लागलाय असं मुलीला वाटतं, आणि शेवटी कळतं की ती 'दुसरी' म्हणजे क्रॅक हे व्यसन आहे. मी ते ऐकलं तेव्हा मला आधी माझ्या बहिणीचं टँकरचं गाणं आठवलं. आजूबाजूला जे दिसतं ते या वयाच्या मुलींना पूर्ण दिसतं. आपणच धरून चालतो की कुणीतरी दाखवलं असेल.

दहा वर्षांनी, ऑगस्ट १९९८ मध्ये, लॉरिन हिलचा पहिला स्वतंत्र अल्बम आला: 'द मिसएज्युकेशन ऑफ लॉरिन हिल'. पुढच्या फेब्रुवारीत त्याला पाच ग्रॅमी मिळाले. त्यात 'अल्बम ऑफ द इयर'ही होता, हिप-हॉपच्या वाट्याला आलेला पहिला. पण त्याआधीच तिच्याबरोबर काम केलेल्या चार संगीतकारांनी कोर्टात दावा लावला होता की आमच्या कामाचं श्रेय आम्हाला दिलेलं नाही. २००१ मध्ये कोर्टाबाहेर तडजोड झाली. त्या चौघांचं काम खरं असू शकतं आणि श्रेय मागायचा त्यांना हक्कही होता. पण तडजोडीला वीसेक वर्षं होऊन गेली तरी त्या अल्बमची गोष्ट निघाली की कुणीतरी म्हणतंच, "पण तो नेमका केला कुणी?"

२०१८ मध्ये कार्डी बीचा पहिला अल्बम 'इन्व्हेजन ऑफ प्रायव्हसी' आला. समीक्षकांनी उचलून धरला. सर्वोत्तम रॅप अल्बमचा ग्रॅमी एकटीच्या नावावर मिळवणारी ती पहिली स्त्री ठरली. लेखनात तिच्याबरोबर पार्डिसन फॉन्टेनचं नाव आहे. ते लपवलेलं नाही, श्रेयनामावलीत छापलंय. तरीही 'हिचं तोच लिहितो' हे पालुपद तिच्यामागे राहिलंच. पुरुषांना कधीच विचारत नाहीत असं मी म्हणणार नाही. २०१५ मध्ये ड्रेकवर हाच आरोप झाला आणि मोठा गाजला. फरक इतकाच की ड्रेकवर आरोप व्हायला तो आधी जगातला सर्वांत मोठा रॅपर व्हावा लागला. मुलींना तो पहिल्याच अल्बमबरोबर मोफत मिळतो.

हे सगळं अमेरिकेतलं झालं. पण माझ्या तोंडात तो प्रश्न काही न्यूयॉर्कहून आला नव्हता. म्हणून आता घराजवळ येतो.

सांगली जिल्ह्यात वाळवा तालुक्यात रेठरे हरणाक्ष नावाचं गाव आहे. १८६६ साली तिथं श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी जन्मले. लावणीच्या दुनियेतले पठ्ठे बापूराव ते हेच. ब्राह्मण घर सोडून तमाशात गेले, जातीचा रोष ओढवून घेतला. त्यांच्या लावण्या पवळाबाई हिवरगावकर फडावर गायल्या आणि दोघांच्या जोडीनं महाराष्ट्र वेडा केला. त्या जोडीतली वाटणी सरळ होती: शब्द त्याचे, आवाज तिचा. लावणीच्या शेवटी नाव यायचं तेही त्याचंच.

बापूरावांच्या चरित्रात एक तपशील सांगितला जातो. लहानपणी भल्या पहाटे घराजवळच्या महारवाड्यातल्या बाया जात्यावर दळताना ओव्या म्हणायच्या. तो मुलगा त्या ऐकायचा आणि त्यांच्या लावण्या करून बघायचा. मराठीतल्या एवढ्या मोठ्या शाहिराची उमेदवारी बायकांच्या ओव्यांवर झाली. बापूरावांची प्रतिभा यानं कमी होत नाही. पण त्यांना कुणी विचारलं असेल का, "लिहून कुणी दिलं?" आणि विचारलं असतं तर त्या बायांची नावं तरी त्यांना सांगता आली असती का?

जात्यावरच्या ओवीला सही नसते. शाहिराला असते, संताला असते. आजचा रॅपर गाण्यात आपलं नाव टाकतो तशी ही नाममुद्रा. ती म्हणजे आमच्या गिटमधल्या कमिटसारखी आहे, ओळ कुणाची ते ओळीबरोबरच नोंदलेलं राहतं. ओवी रचणाऱ्या बाईनं मात्र आईचं, भावाचं, विठ्ठलाचं नाव घेतलं. स्वतःचं बहुतेक वेळा घेतलं नाही. हेमा राईरकर आणि गी पॉयटवँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावी फिरून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यातली मला सर्वांत मोलाची वाटते ती गोष्ट अगदी कारकुनी आहे: ओवीपुढे गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव लिहिलेलं आहे.

बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या म्हणायच्या आणि मुलगा सोपानदेव व एक नातेवाईक ते उतरवून घ्यायचे. 'बहिणाबाईंची गाणी' हे पुस्तक १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह आलं आणि मराठी वाचक थक्क झाला. बहिणाबाई ३ डिसेंबर १९५१ लाच गेल्या होत्या. पदार्पण असं, की ज्यात पदार्पण करणारीच हजर नाही. सोपानदेव स्वतः कवी होते. त्यांनी ती गाणी स्वतःच्या नावावर खपवली नाहीत, आईच्या नावानंच पुढे ठेवली. लिहून 'घेणं' आणि लिहून 'देणं' यातला फरक त्या घराला कळत होता.

हाच फरक जनाबाईच्या कथेतही आहे. जनी दळताना अभंग म्हणते आणि प्रत्यक्ष विठ्ठल ते लिहून घेतो, असं संतचरित्रांत येतं. देव तिथं लेखनिक आहे, कवी जनीच. सही 'नामयाची जनी' अशीच. ज्यांनी ही कथा रचली त्यांनी देवालाही श्रेय लाटू दिलं नाही. आणि मी, इंजिनिअरिंग शिकलेला, एका मिनिटात माझ्या बहिणीच्या गाण्याचं श्रेय कुठल्यातरी अदृश्य मुलाला देऊन मोकळा झालो.

आज मराठीत रॅप करणाऱ्या मुली आहेत. माही जी, म्हणजे मधुरा घाणे, महादेव कोळी समाजातली. तिचं 'जंगलचा राजा' ऐका. २०२४ मध्ये ग्रीनपीस इंडियाबरोबर तिनं 'हीटवेव्ह' केलं, उन्हात राबणाऱ्या माणसांवर. तिच्याबद्दल मी वाचलेल्या बातम्या आपुलकीनं लिहिलेल्या आहेत. पण त्यांत ती आदिवासी आहे, मुलगी आहे, विषय चांगला आहे, एवढं येतं. ती यमक कुठं मोडते, श्वास कुठं घेते, मराठी शब्द बीटवर कसा बसवते, यावर मला जवळजवळ काहीच सापडलं नाही. संशय आणि कौतुक दोन्ही शब्दांच्या अलीकडेच थांबतात. शब्दांपर्यंत जायचं तर नीट ऐकावं लागतं.

म्हसवडमध्ये माणदेशी तरंग हे सामुदायिक रेडिओ केंद्र आहे. शाळेचं तोंड न बघितलेल्या बायाही तिथं माइकसमोर बसून गातात. तिथं जा, असं मला बहिणीला सांगायचं होतं. पण सल्ला द्यायच्या आधी एक प्रश्न दुरुस्त करायचा राहिला होता. म्हणून मागच्या आठवड्यात तिला मेसेज केला: "त्या दिवशी चुकीचं विचारलं. टँकरच्या गाण्यात आठ ओळी एका दमात जातेस, मध्ये श्वास कुठं घेतेस? मला कळलंच नाही."

दोन दिवस नुसत्या निळ्या टिक दिसत होत्या. तिसऱ्या दिवशी रात्री उत्तर आलं.

"पाचव्या ओळीत. 'अंतर'च्या आधी. नीट ऐक."