तीन नंबरचा बावटा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर वादळाची बातमी आली, की वाऱ्याचा वेग किती, हे कोणी आधी विचारत नाही. पहिला प्रश्न असतो, ‘कोणाची बोट अजून बाहेर आहे?’ मी या बंदराच्या आसपासच वाढलो. लहानपणी मला याचे नवल वाटे. पुढे चक्रीवादळांचा इतिहास वाचू लागलो, तेव्हा कळले की बंदरावरचा हा प्रश्न अगदी नेमका आहे.

अटलांटिक महासागरात ज्याला हरिकेन म्हणतात आणि चीन-जपानकडे टायफून, तेच आपले चक्रीवादळ. ‘सायक्लोन’ हा शब्द मात्र आपल्या देशात, कोलकात्यात घडला. हेन्री पिडिंग्टन या पूर्वाश्रमीच्या जहाज कप्तानाने खलाशांसाठी लिहिलेल्या पुस्तकात १८४८ साली तो वापरला. सापाच्या वेटोळ्याची कल्पना त्यामागे होती. १८६४ मध्ये कोलकात्याला भयंकर वादळाने झोडपले आणि पुढच्याच वर्षी तिथल्या बंदराला धोक्याचे इशारे मिळू लागले. मुंबई व पश्चिम किनाऱ्यासाठी ही सोय १८८० मध्ये झाली. भारतीय हवामान खाते स्थापन झाले १८७५ साली. म्हणजे आपल्या देशात इशाऱ्याचा बावटा हवामान खात्यापेक्षा दहा वर्षांनी वडील आहे!

बंदराच्या काठीवर दिवसा शंकू आणि पिंपासारख्या आकृत्या, रात्री लाल-पांढरे दिवे, अशी ही भाषा. एक आणि दोन नंबर म्हणजे धोका अजून दूर समुद्रात आहे. तीन नंबर म्हणजे आता बंदरालाच वादळी वाऱ्याचा धोका आहे. अक्षरओळख नसलेल्या खलाशालाही ती वाचता येई.

चक्रीवादळ जन्मते कसे? समुद्राचे पाणी साडेसव्वीस अंशांच्या वर तापले, की भरपूर वाफ वर चढते. उंचावर तिचे पाणी होते आणि वाफेतली उष्णता हवेत मोकळी होते. हवा आणखी वर जाते, खाली दाब घटतो आणि चहूकडून वारे आत धावतात. पृथ्वीच्या फिरण्यामुळे ते सरळ न येता वळतात आणि आपल्या गोलार्धात घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने गरगरू लागतात. विषुववृत्तावर हे वळण मिळत नाही, म्हणून तिथे चक्रीवादळ होत नाही. ऐन पावसाळ्यात खालचे आणि वरचे वारे परस्परविरुद्ध वाहतात, त्यात या भोवऱ्याची मान मोडते. म्हणून अरबी समुद्रातली चक्रीवादळे मुख्यतः पावसाळ्याच्या आधी आणि नंतर येतात.

आणि मासेमारीचे दिवसही नेमके हेच! नारळी पौर्णिमेनंतर बोटी समुद्रात उतरतात आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात हंगाम भरात असतो.

वादळ रत्नागिरीच्या पश्चिमेकडून उत्तरेला निघाले, की आधी वारा जमिनीकडून येतो. मतलईसारखाच, निरुपद्रवी वाटणारा. मग तो दक्षिणेचा होतो आणि शेवटी नैर्ऋत्येकडून समुद्र घेऊनच किनाऱ्यावर आदळतो. पहिल्या वाऱ्याला भुललेली बोट दुसऱ्याच्या तावडीत सापडते.

आता दोन वादळे शेजारी ठेवून पाहू. ‘फयान’चा कमी दाबाचा पट्टा ९ नोव्हेंबर २००९ च्या सुमारास तीव्र झाला आणि ११ तारखेला दुपारी वादळ अलिबाग-मुंबईदरम्यान जमिनीवर आले. ‘निसर्ग’ १ जून २०२० ला आकार घेऊ लागले आणि ३ जूनला रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. दोन्हींनी दिलेली मुदत साधारण दोन दिवसांचीच. वाऱ्याचा वेग फयानचा ताशी सुमारे ८५ किलोमीटर, तर निसर्गचा ११० ते १२०. पण फयानच्या वेळी कोकणातल्या बोटी खोल समुद्रात होत्या आणि कित्येक खलाशी परतलेच नाहीत. निसर्गने दापोली, मंडणगड, श्रीवर्धनकडची घरे पाडली, नारळी-पोफळीच्या बागा उद्ध्वस्त केल्या. मिरकरवाड्याशेजारी मिऱ्याच्या किनाऱ्यावर ‘बसरा स्टार’ हे जहाज नेऊन आदळले. त्यावरचे १३ जण वाचवले गेले. समुद्राने मात्र फयानसारखे बळी घेतले नाहीत. वेगाने मोठे असलेले वादळ मच्छीमारांच्या घरांना कमी महागात पडले. फरक वाऱ्यात नव्हता, बोटी कुठे होत्या यात होता.

बातमी कळणे आणि परत फिरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मे २०२१ मधल्या ‘तौक्ते’नेही दाखवले. इशारे वेळेवर होते, तरी मुंबईजवळच्या तेलक्षेत्रात पी-३०५ हा बार्ज उभाच राहिला. तो आणि वरप्रदा ही टग बुडून ऐंशीहून अधिक माणसे गेली. आधुनिक यंत्रे हाताशी असलेल्यांची ही गत. मग जाळे पाण्यात टाकून बसलेल्या, डिझेलचे कर्ज डोक्यावर असलेल्या तांडेलाला परत फिरणे किती जड जात असेल!

पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांच्या अभ्यासानुसार, २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या आधीच्या दोन दशकांच्या तुलनेत ५२ टक्क्यांनी वाढली. तापलेल्या पाण्यावर ती भराभर उग्रही होतात. २०१७ चे ‘ओखी’ असेच एका दिवसात फोफावले, आणि केरळ-तमिळनाडूचे मच्छीमार तेव्हा समुद्रातच होते. उपग्रहांनी आपल्याला जे तास मिळवून दिले, त्यांतले काही तापलेला समुद्र परत मागतो आहे.

मिरकरवाड्यात आज मोबाइल आहेत, वायरलेस आहे. पण किनाऱ्यापासून काही मैलांवर फोनची रेंज संपते आणि तिथून पुढचा निर्णय तांडेलाचाच असतो. वादळाला रोखणे कोणाच्याच हाती नाही. परत फिरलेल्या बोटीचे त्या दिवसाचे नुकसान समाजाने वाटून घ्यायचे की नाही, एवढे मात्र आपल्या हाती आहे. तसे झाले, तर तीन नंबरचा बावटा लागेल त्या दिवशी बंदरावरच्या प्रश्नाला एकच उत्तर मिळेल. कोणाचीच नाही, सगळ्या आत आल्या.