पूरक म्हणजे किती?

पांढरकवड्याहून आदिलाबादच्या रस्त्याला लागलं की पैनगंगा येते. नदी ओलांडली की पाट्या तेलुगूत, आणि ‘पूरक कोन’ ९० अंशांचे. अलीकडे, आमच्या केळापूर तालुक्यात, तेच १८० अंशांचे.

हा विनोद नाही. दोन कोनांची बेरीज ९० असेल तर मराठी पुस्तक त्यांना कोटिकोन म्हणतं, १८० असेल तर पूरक कोन. हिंदीत मात्र ९० ला पूरक आणि १८० ला संपूरक. तेलुगूतही तसंच. बाकीच्या नावांचा त्रास होत नाही, कारण शब्दच वेगळे आहेत: आपला लघुकोन तिकडे न्यून कोण, काटकोन समकोण, विशालकोन अधिक कोण. घोळ होतो तो एकाच शब्दाचे दोन अर्थ असल्यामुळे. मराठी माध्यमाचा मुलगा मोबाइलवर हिंदी व्हिडिओ बघून पेपरला बसतो. ३५ अंशांच्या कोनाचा पूरक तो ५५ लिहितो. हवा असतो १४५. वजाबाकी बरोबर, मार्क शून्य.

मग मराठीने ‘कोटी’ का धरून ठेवली? ही शंभर लाखांची कोटी नव्हे, शब्दांवरची कोटीही नव्हे. संस्कृतात कोटी म्हणजे धनुष्याचं टोक. जुन्या गणितींना वर्तुळाचा तुकडा धनुष्यासारखा दिसला. कंस झाला चाप, दोरी झाली ज्या. काटकोन त्रिकोणाच्या बाजूंना नावं पडली भुज, कोटी आणि कर्ण. भुज ३, कोटी ४, तर कर्ण किती, हे उदाहरण भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त आहे. त्यांचा ‘सिद्धान्तशिरोमणी’ ११५० चा. चाळीसगावजवळ पाटणला शिलालेख आहे: नातू चांगदेवाने आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला. म्हणजे यादवांच्या काळात इथल्या विद्यार्थ्यांच्या तोंडी हा शब्द होता.

आता त्रिकोणाचे तीन कोन मिळून १८०. काटकोनात ९० गेले, उरलेल्या दोघांत ९० वाटले जातात. एका कोनाची ज्या भुजावरून मिळते, दुसऱ्याची कोटीवरून. म्हणून ९० मधून कोन वजा करून उरलेल्या कोनाची ज्या ती कोटिज्या. हीच आपली कोसाइन. इंग्लंडात एडमंड गुंटरने १६२० मध्ये ‘को’ जोडला, तोही ९० ला पुरा करणाऱ्या कोनाचा. आणि साइन म्हणजे आपली ज्याच, अरबी-लॅटिनमधून फिरून आलेली.

गेममधलं पात्र वळवताना आम्ही कोडमध्ये ‘कॉस’ लिहितो, तेव्हा हाच कोटिकोन वापरतो. त्यामुळे शब्द बदलायची गरज नाही. सातवीच्या वर्गात फळ्यावर दोन ओळी पुरतील: आपल्या पुस्तकात कोटी ९०, पूरक १८०, हिंदी व्हिडिओत पूरक ९०, संपूरक १८०. व्हिडिओ लावला की आधी बेरीज बघायची, नाव नंतर.