चित्ता, आफ्रिकी (कोल्हापूर संस्थान व कागल परिसर)

काळविटांच्या शिकारीसाठी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आफ्रिकेतून समुद्रमार्गे आणून कोल्हापूर संस्थानात पाळलेला मार्जार कुलातील प्राणी. देशी चित्ता मिळेनासा झाल्यावर कोल्हापूर व भावनगर या दोन संस्थानांनी ही आयात मोठ्या प्रमाणावर केली. दिव्यभानुसिंह यांच्या संशोधनानुसार १९१८ ते १९४५ या काळात भारतात सुमारे दोनशे आफ्रिकी चित्ते आले.

मूळ अधिवास : पूर्व आफ्रिकेतील विरळ झाडीची गवताळ मैदाने. टांझानियातील सेरेनगेटी व केनियातील मारा या सलग प्रदेशात तेरा लाखांच्या आसपास वाइल्डबीस्ट, त्यांच्यासोबत झेब्रे, पावसामागून उगवणाऱ्या गवताच्या शोधात वर्षभर फिरत असतात. चित्त्याचे मुख्य भक्ष्य असलेले थॉमसन गझेल हे लहान हरीणही ऋतूनुसार जागा बदलते आणि चित्त्याची मादी त्याच्या मागे जाते. तिचा वावर सुमारे ८०० चौ. किमी.वर पसरतो, हे क्षेत्र सबंध कागल तालुक्याहून मोठे आहे.

शिकारपद्धती : चित्ता पकडायचा तो वयात आलेलाच. शिकार करणे पिल्लू आईकडून शिकते. लहानपणी धरलेले जनावर पुढे निरुपयोगी ठरे. माणसांची सवय व्हावी म्हणून चित्तेवान (चित्ता सांभाळणारा) त्याला गळ्यात पट्टा घालून वर्दळीतून हिंडवीत आणि खाटेवर बसवीत. शिकारीच्या दिवशी डोळ्यांवर कातडी टोपी चढवून त्याला बैलगाडीतून माळावर नेत. काळवीट माणसाला बुजते, पण शेतकऱ्याची गाडी त्याच्या रोजच्या पाहण्यातली असते. म्हणून गाडी तिरकी, वळसे घेत, न थांबता कळपाजवळ सरकवीत. टोपी काढली की पुढचे काम काही सेकंदांचे. ताशी शंभर किमी.च्या आसपासचा वेग चित्ता काही शे मीटरच टिकवू शकतो. तेवढ्यात सावज न सापडल्यास तो पाठलाग सोडून बसून राही व त्याला पुन्हा उठवणे कठीण जाई. सावज पडल्यास चित्तेवान धावत जाऊन त्याचा गळा चिरी, रक्त लाकडी पळीत धरून चित्त्याला पाजी आणि त्याचे लक्ष तिकडे असतानाच टोपी परत चढवी. मोबदला म्हणून चित्त्याला बहुधा एक तंगडी मिळे. शिकारीची कीर्ती संस्थानिकांच्या वाट्याला आली. वस्तुतः सगळी मदार चित्तेवानाच्या हातावर असे.

प्रजनन : पाळीव स्थितीत तेव्हा जवळजवळ होत नसे. एका मादीला तीन पिल्ले झाल्याची नोंद मोगल बादशहा जहांगीरच्या आत्मचरित्रात आहे, ती अपवादानेच. आयात वारंवार करावी लागे ती यामुळे.

आश्रयदाते : छत्रपती शाहू महाराज (१८७४–१९२२) व त्यांचे पुत्र राजाराम महाराज (१८९७–१९४०). शाहू महाराज जन्माने कागलच्या घाटगे घराण्यातले (जन्म मात्र कसबा बावड्याचा). १८८४ मध्ये ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले. धाकटे बंधू बापूसाहेब (पिराजीराव) घाटगे यांच्याकडे कागलची जहागीर राहिली. १९४९ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले.

कागल परिसर : दूधगंगेच्या खोऱ्यात आता ऊस, शिकारीच्या माळावर कागल–हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहत.

देशी चित्ता : कोरिया संस्थानाच्या महाराजांनी १९४७ मध्ये तीन नर मारले, हे भारतातील अखेरचे मानले जातात. त्यानंतरच्या काही नोंदी सर्वमान्य नाहीत. १९५२ मध्ये तो नामशेष जाहीर झाला. आशियाई उपजाती आज इराणात मोजक्या संख्येने उरली आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये मध्य प्रदेशातील कुनो येथे नामिबियातून आठ व फेब्रुवारी २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून बारा चित्ते आणले गेले. आफ्रिकी चित्ता भारतात प्रथमच आल्याचा समज तेव्हा पसरला, तो कोल्हापूरच्या इतिहासाला धरून नाही. नवे होते ते त्यांना रानात मोकळे सोडणे.

(पहा : काळवीट, माळरान, रेहेकुरी अभयारण्य.)