बाटलीत वायू कोंडताना

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात फ्रान्समधल्या शॅम्पेन प्रांतात वसंत ऋतू लागला, की तळघरांत काम करणारे मजूर तोंडावर लोखंडी मुखवटे चढवत. हिवाळ्याच्या थंडीत निपचित पडलेलं यीस्ट ऊब मिळताच पुन्हा जागं होई, वाइनमध्ये उरलेली साखर खाऊन कार्बन डायऑक्साइड सोडू लागे आणि रचून ठेवलेल्या बाटल्यांपैकी एखादी फुटे. ती एकटी फुटत नसे. तिच्या काचा शेजारच्या बाटलीला लागत, ती फुटताना आणखी दोघींना घेऊन जाई, आणि बघता बघता अख्खी रास आडवी होई. १८२८च्या हंगामात काही तळघरांतल्या शंभरातल्या ऐंशी बाटल्या अशा गेल्या, असं या व्यवसायाचे इतिहासकार सांगतात. शॅम्पेन ही राजेरजवाड्यांचीच चैन का राहिली, याचं एक कारण या काचांच्या ढिगात सापडतं.

पेयाला फेस आणणं हे मुळात काही मोठं कसब नव्हे. गोड रस, यीस्ट आणि घट्ट बूच एवढं जमलं की बुडबुडे आपोआप येतात. इंग्लंडमध्ये तर बाटलीबंद बिअरचा शोध चक्क विसराळूपणातून लागल्याची कथा आहे. लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलचे डीन अलेक्झांडर नॉवेल हे मासे पकडण्याचे शौकीन. एकदा गळ टाकायला गेले असताना बिअरची बाटली ते गवतातच विसरून आले. काही दिवसांनी ती सापडली आणि बूच काढताच बंदुकीसारखा बार झाला. टॉमस फुलरच्या १६६२ साली छापलेल्या ग्रंथात हा किस्सा आहे. खरा की रचलेला, कोण जाणे. पण बाटलीत बिअर राहिली तर तिला जोर चढतो, हे तोवर लोकांना पुरतं ठाऊक झालं होतं.

त्याच वर्षी, डिसेंबर १६६२मध्ये, ख्रिस्तोफर मेरेट या वैद्याने लंडनच्या रॉयल सोसायटीत एक निबंध वाचला. वाइन तरतरीत आणि फेसाळ व्हावी म्हणून इथले पिंपवाले तिच्यात साखर आणि काकवी घालतात, असं त्याने नोंदवलं. फेसाळ वाइनचं श्रेय भाबडेपणाने दों पेरिन्यों या फ्रेंच मठवासीला देण्याची रीत आहे. तो ओव्हिलेच्या मठात रुजू झाला १६६८मध्ये, म्हणजे या निबंधानंतर सहा वर्षांनी. शिवाय वाइनमधले बुडबुडे हा तेव्हा दोष समजला जाई आणि तो टाळण्यासाठीच पेरिन्यों खटपट करत होता.

इंग्रजांना हे जमलं ते काचेमुळे, आणि काच जमली ती लाकूडटंचाईमुळे. आरमाराच्या जहाजांसाठी ओकचं लाकूड राखून ठेवायचं म्हणून पहिल्या जेम्स राजाने १६१५मध्ये काचेच्या भट्ट्यांत लाकूड जाळायला बंदी केली. भट्टीवाले नाइलाजाने दगडी कोळशाकडे वळले. कोळशाची आच जास्त; त्यामुळे काच जाड, काळपट आणि दणकट निघू लागली. सरकारी हुकूम काढला जहाजांसाठी आणि त्याचा फायदा झाला दारूच्या बाटल्यांना! फ्रान्सने १७३५मध्ये शॅम्पेनच्या बाटलीचं वजन आणि आकार कायद्याने ठरवून दिले, तरीही फूट थांबली नाही. कारण दोष एकट्या काचेचा नव्हता. बाटलीत नेमकी किती साखर उरली आहे, हेच कोणाला सांगता येत नव्हतं. वाइनवाला जिभेवर थेंब ठेवून अंदाज बांधे आणि पुढचं देवावर सोपवी.

हा अंदाज संपवला शालों-सुर-मार्न गावातल्या फ्रान्सुआ नावाच्या औषधविक्रेत्याने. वाइनमधली उरलेली साखर मोजायची आणि हव्या त्या दाबासाठी वरून किती घालायची याचा हिशेब करायचा, ही पद्धत त्याने १८३६च्या सुमारास मांडली. आजच्या मापात तो हिशेब सोपा आहे: लिटरमागे ४ ग्रॅम साखर आंबली की बाटलीतला दाब साधारण एका वातावरणाने वाढतो. शॅम्पेनला सहा वातावरणं दाब हवा, म्हणून लिटरला २४ ग्रॅम साखर. हा दाब मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या सुमारे तिप्पट झाला. आंबवण्याची क्रिया यीस्ट हा जिवंत जीव घडवतो, हे पाश्चरने सिद्ध केलं त्याला अजून वीसेक वर्षं होती. फ्रान्सुआला कारण माहीत नव्हतं, पण वजनकाटा माहीत होता. पुढच्या दशकांत तळघरांतली फूट झपाट्याने घटली. पेरिन्योंच्या नावाने महागड्या बाटल्या विकल्या जातात आणि या औषधवाल्याचं नाव शॅम्पेन पिणाऱ्यांपैकी क्वचितच कोणी ऐकलेलं असतं. हा उघड अन्याय आहे.

यीस्टला बगल देऊन थेट पाण्यात वायू मुरवण्याची वाट वेगळी, पण तिचाही उगम बिअरच्या भट्टीतच आहे. १७६७मध्ये इंग्रज शास्त्रज्ञ जोसेफ प्रीस्टली लीड्सला राहायला आला तेव्हा त्याच्या शेजारी बिअरची भट्टी होती. आंबणाऱ्या पिंपावर एक जड हवा साचून राहते आणि तिच्यात पेटती काडी विझते, हे पाहून त्याने त्या हवेत दोन भांडी धरून पाणी वरखाली ओतलं. पाण्याला झणझणीत आंबूस चव आली. १७७२मध्ये त्याने खडू आणि गंधकाम्ल यांपासून हा वायू काढून पाण्यात मुरवण्याची कृती छापली. अशा पाण्याने खलाशांचा स्कर्व्ही बरा होईल अशी त्याची समजूत होती. कॅप्टन कुकच्या दुसऱ्या सफरीवर असं पाणी करण्याची उपकरणं गेलीही. स्कर्व्ही काही त्याने बरा होत नाही, तो क जीवनसत्त्वाचा विषय. पण सोडावॉटर जन्माला आलं. प्रीस्टली वायू साठवायला डुकराचा मूत्राशय वापरी. या पाण्याला मुताचा वास येतो, अशी जॉन मर्विन नूथ नावाच्या डॉक्टरने तक्रार केली आणि मग स्वतःच सगळं काचेचं उपकरण तयार केलं.

प्रीस्टलीने पैसा केला नाही. तो केला याकोब श्वेप या जर्मन जवाहिऱ्याने. जिनिव्हात १७८३मध्ये त्याने पंप लावून दाबाखाली सोडा भरायला सुरुवात केली आणि १७९२मध्ये लंडनला धंदा थाटला. दाब आणि मुरणारा वायू यांचं प्रमाण विल्यम हेन्रीने १८०३मध्ये मांडलं, तोही मँचेस्टरच्या एका सोडावॉटरवाल्याचाच मुलगा. दाब दुप्पट केला तर दुप्पट वायू मुरतो आणि पाणी जितकं थंड तितका तो जास्त मावतो. हाच नियम उलटा वाचला की बाटली का फुटते ते समजतं. फ्रिजमध्ये गपगार बसलेल्या सोड्याच्या बाटलीतला दाब नागपूरच्या मे महिन्यातल्या उन्हात दुपटीहून बराच वर जातो.

दाब निर्माण करणं जमलं, तो आत राखणं जमेना. बुचं सुकून आकसत आणि वायू निसटे. मग बूच सतत ओलं राहावं म्हणून बाटलीचं बूडच गोल करण्यात आलं, म्हणजे कोणी ती उभी ठेवूच शकणार नाही. हॅमिल्टनच्या नावाने ओळखली जाणारी ही अंड्याच्या आकाराची बाटली बरीच वर्षं चालली. खरी युक्ती सुचली हायरम कॉड या इंग्रजाला. त्याने १८७२मध्ये पेटंट घेतलेल्या बाटलीला बूच नव्हतं, तार नव्हती, झाकणही नव्हतं. मानेत एक काचेची गोटी आणि तोंडाशी रबराची चकती, बस. बाटली उलटी धरून दाबाखाली भरायची. गोटी घरंगळून चकतीवर बसते आणि सरळ केल्यावर आतला वायूच तिला वर रेटून धरतो. वायू जितका जोरकस, तितकं झाकण घट्ट. बाहेर पडायला धडपडणाऱ्या वायूलाच दार लावायला सांगणारी ही रचना यंत्रशास्त्रातल्या सुंदर कल्पनांपैकी एक मानायला हरकत नाही. पोरांनी गोट्यांसाठी या बाटल्या फोडल्या, हा तिचा एक व्यावहारिक तोटा.

इंग्लंडमधून ही बाटली हद्दपार झाली. अमेरिकेत विल्यम पेंटरने १८९२मध्ये दातेरी पत्र्याचं बूच काढलं आणि कॉडचा जमाना संपला. हिंदुस्थानात मात्र ती टिकली: दिल्लीत बंटा, तमिळनाडूत गोली सोडा आणि आपल्याकडे गोटी सोडा. मुंबई-पुण्यात छावण्या, क्लब आणि रेल्वे यांच्या आसऱ्याने सोड्याचा धंदा वाढला. पटकीच्या साथींच्या काळात साहेबाला विहिरीच्या पाण्यापेक्षा बाटलीबंद पाण्याचा भरवसा वाटे. या धंद्यात पारशी आणि इराणी पुढे होते. मुंबईतलं पालनजी हे नाव १८६५पासूनचं, पुण्याच्या कॅम्पातलं अर्देशीर १८८४चं आणि ड्यूक्स १८८९चं. ड्यूक्सचे संस्थापक दिनशॉ पांडोळे क्रिकेटचे भोक्ते. क्रिकेटच्या ड्यूक चेंडूवरून त्यांनी हे नाव घेतलं असं सांगतात. लाल रासबेरी सोड्याशिवाय पारशी लग्नाचं जेवण पुरं होत नाही, ही रीत त्याच काळाची देणगी.

गोटीची बाटली जाड आणि जड. त्यामुळे ती परत परत भरता येई, आणि नेमकी याच गुणामुळे ती दंगलीतही उपयोगी पडे. जुन्या मराठी वर्तमानपत्रांत दगडांच्या जोडीने सोडावॉटरच्या बाटल्यांचा मारा झाल्याच्या बातम्या सर्रास सापडतात.

या सगळ्यात बाटली भरणाऱ्याचं काय? जुनी, सूक्ष्म तडा गेलेली बाटली नेमकी यंत्रावर दाबाखाली असताना फुटते, म्हणजे माणूस तिच्यासमोर वाकलेला असताना. ब्रिटनमध्ये १८९०च्या दशकात सोड्याच्या कारखान्यांसाठी खास नियम करून जाळीचे मुखवटे आणि हातमोजे सक्तीचे झाले. तीच परंपरा आपल्या कायद्यात उतरली. महाराष्ट्र कारखाने नियम, १९६३ यांत धोकादायक कामांच्या ज्या अनुसूच्या आहेत, त्यांत पहिलीच आहे वायुमिश्रित पाण्याची. यंत्राभोवती कुंपण हवं, चेहरा, मान आणि गळा झाकणारी जाळी हवी, दंड झाकणारे मोजे हवेत. लेबल चिकटवणाऱ्याच्या बाबतीत तर अंगठा आणि तर्जनी यांमधली जागा झाकली पाहिजे इतका बारकावा त्यात आहे. हा बारकावा कार्यालयात बसून सुचणारा नाही. कोणाचा तरी हात तिथे कापला गेला असणार. कागदावरचे हे मोजे गल्लीतल्या एका हातयंत्रावर चालणाऱ्या सोडा दुकानात कितपत पोचले, हा प्रश्न ज्याने ती दुकानं पाहिली आहेत त्याने स्वतःलाच विचारावा.

बाटली फुटून कोणी जखमी झालं तर जबाबदार कोण, हा प्रश्न अमेरिकेत न्यायालयात गेला. कॅलिफोर्नियात एका हॉटेलातली वाढपी कोका-कोलाच्या बाटल्या फ्रिजमध्ये ठेवत असताना एक बाटली तिच्या हातात फुटली. १९४४मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. न्यायमूर्ती रॉजर ट्रेनर यांनी वेगळं मत लिहून सांगितलं, की निष्काळजीपणा सिद्ध होवो न होवो, सदोष मालाची जबाबदारी बनवणाऱ्याचीच. अमेरिकेतल्या ग्राहकसंरक्षणाचा मोठा इमला पुढे याच मतावर उभा राहिला.

कारखान्यांनी हे धडे शंभर वर्षांत गिरवले. घरी पेय करणाऱ्यांना ते पुन्हा पहिल्यापासून गिरवावे लागले. ब्रिटनमध्ये घरगुती बिअरला १८८०पासून परवाना लागे. ती अट १९६३मध्ये गेली. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी १९७८मध्ये तशा कायद्यावर सही केल्यावर तिथलंही दार उघडलं. हौशी मंडळी उत्साहाने बाटल्या भरू लागली आणि माळ्यांवर, फडताळांत स्फोट होऊ लागले. कारण तेच, फ्रान्सुआच्या आधीचं: साखर न मोजता भरलेली बाटली. आंबणं पूर्ण थांबलेल्या बिअरमध्ये लिटरला सहाएक ग्रॅम साखर घातली की नेहमीचा फेस येतो. आंबणं थांबलं की नाही हे द्रवाची घनता मोजणाऱ्या हायड्रोमीटरने ठरवायचं; लागोपाठ दोन-तीन दिवस आकडा तोच राहिला तरच भरायचं. आल्याच्या बिअरमध्ये मात्र गोडी हवी म्हणून लिटरला शंभर ग्रॅमपर्यंत साखर ठेवतात. ती सगळी आंबली, तर पेयाच्या आकारमानाच्या पंचवीसपट वायू तयार होईल. एवढं सोसणारी काचेची बाटली बाजारात मिळत नाही.

यावर उतारा मिळाला तो प्लास्टिकमुळे. अमेरिकेतल्या ड्यूपाँ कंपनीत नॅथॅनिएल वायथ नावाचा अभियंता होता. प्लास्टिकच्या बाटलीत सोडा भरला तर ती फुगेल, असं सहकाऱ्यांनी सांगितल्यावर त्याने साबणाच्या द्रावणाची एक रिकामी बाटली घेतली, तिच्यात जिंजर एल भरलं आणि फ्रिजमध्ये ठेवली. सकाळी ती इतकी टम्म फुगली होती, की फळ्यांमधून निघेना. त्यातून त्याने पेट प्लास्टिक ताणून बाटली घडवण्याची रीत काढली आणि १९७३मध्ये तिचं पेटंट मिळवलं. ही बाटली दाब सोसते आणि जास्त झालाच तर बहुधा फुगून, चिरून फाटते. तिच्या काचा होत नाहीत.

महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर बनवणं १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे. पण आल्याची फेसाळ पेयं आणि कोंबुचा आता पुण्या-मुंबईच्या कितीतरी स्वयंपाकघरांत होतात, आणि ती दिसायला छान म्हणून चौकोनी, पातळ, सजावटीच्या काचेच्या बाटल्यांत भरली जातात. तसं करू नका. सोड्याची किंवा कोल्ड्रिंकची प्लास्टिकची बाटली धुऊन वापरा, वर दोन बोटं जागा सोडा, आणि अंगठ्याने दाबून ती दगडासारखी टणक लागली की लगेच फ्रिजमध्ये ठेवा. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरमधला वायू वापरणार असाल तर रेग्युलेटरशिवाय नळी जोडू नका. २० अंश तापमानाला त्या सिलिंडरमध्ये ५७ वातावरणांच्या आसपास दाब असतो. आणि बंद बाटलीत सुका बर्फ कधीही टाकू नका.