माशीच्या जागी माशी

कारकून आणि माशी यांचं नातं फार जुनं. मूळ कागदावर मेलेली माशी चिकटलेली दिसली म्हणून नकलेतही त्याच जागी माशी मारून चिकटवणारा तो 'मक्षिकास्थाने मक्षिका'वाला महापुरुष आमच्याच जमातीतला. आम्ही काम नसलं की माशा मारतो, असं गिऱ्हाइकांचं मत. काम असलं तरी तेच करतो, असं मॅनेजरचं. म्हणून माशी न मारता तिच्यावर नाव कमावलेला एक कारकून होऊन गेला हे कळलं, तेव्हा माझा ऊर भरून आला.

फ्रँक पर्सी स्मिथ हे त्याचं नाव. लंडनचा, जन्म १८८० चा. चौदाव्या वर्षी शिक्षण खात्यात चिकटला. दिवसभर खर्डेघाशी आणि घरी आल्यावर किडे, कोळी नि कॅमेरा. त्यानं एका निळ्या माशीच्या जिभेचा अगदी जवळून फोटो काढला. तो चार्ल्स अर्बन नावाच्या सिनेमावाल्यानं पाहिला आणि स्मिथकडून सिनेमे काढून घेतले. (आमच्याकडे असला फोटो दाखवला असता, तर साहेबानं पहिला प्रश्न विचारला असता, "हा ऑफिसच्या वेळात काढलात का?")

१९०८ साली स्मिथची माशी पडद्यावर आली. उताणी, आणि पायांवर आपल्याएवढा गोळा गरगर फिरवणारी! लोक थक्क. माशीला शिकवलं कसं? शिकवलंबिकवलं काही नव्हतं. माशी जखडलेली होती. पायाला काहीतरी लागलं म्हणून ती बिचारी चालत होती. चालतेय चालतेय, पण जागची हलत नाही, फक्त पायाखालचं फिरतंय. आमच्या काउंटरवर वेगळं काय होतं? माशांना इजा होत नाही, नंतर सोडून देतो, असा खुलासा मात्र स्मिथला करावा लागला. आमच्याबाबत तोही कुणी करत नाही.

पुढच्या वर्षी कोळी वाऱ्यावर धागा सोडून कसा उडतो हे दाखवायला त्यानं चक्क खोटा कोळी बनवला आणि एकेक चित्र घेत हलवला. १९१० मध्ये कळी उमलतानाचा सिनेमा काढला, आणि त्याच साली नोकरी सोडली.

नोकरी सोडली! हे वाक्य मी हिला दोनदा वाचून दाखवलं.

"किती वर्षांचा होता?"

"तीस."

"तुम्ही सेहेचाळीस. आणि घराचे हप्ते?"

तरी मोबाइलला लावायचं छोटं भिंग मी आणलंच. इतक्या जवळून फोटो घेताना एक गंमत होते. डोळा स्पष्ट आला की पाय धुक्यात जातात. पाय धरावेत तर डोळा जातो. गुळाच्या खड्यावर बसवून काढलेल्या चाळीस फोटोंत गूळ तेवढा उत्तम आला.

परवा रात्री टेबलावर एक कागद काढून बसलो होतो. चौथा मसुदा. हिला ठाऊक नाही. तेवढ्यात माशी आली आणि नेमकी त्यावरच बसली. श्वास रोखून फोटो घेतला. काय डोळा आलाय म्हणता! एकेक कण मोजून घ्यावा. खालची 'राजीनामा' ही अक्षरं मात्र इतकी पुसट आलीत, की हिनं फोटो बराच वेळ पाहिला तरी तिला ती वाचता आली नाहीत.