थडी बुडाली, किनारा आला

किनारा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे कोकण उभे राहते. बारामती-इंदापूरकडच्या माणसाला समुद्र पाहायचा तर घाट उतरावा लागतो, एवढेच आपण शाळेत शिकलो. पण इंदापूर तालुक्यालाही एक किनारा आहे. भिगवण, डिकसळ, कुंभारगाव, पळसदेव ही गावे आज अफाट पाण्याच्या काठावर वसलेली आहेत. हिवाळ्यात पुण्या-मुंबईची माणसे भल्या पहाटे दुर्बिणी घेऊन येतात, नावेत बसतात, काठाकाठाच्या पायवाटांनी हिंडतात. मीही दरवर्षी एकदा तरी जातो. या किनाऱ्याचे वय मात्र माझ्याहून कमी आहे. तो १९८० सालचा आहे. उजनी धरण पुरे झाले आणि तो तयार झाला.

त्याआधी इथे थडी होती. थडी म्हणजे नदीचा काठ. भीमेची थडी ती भीमथडी. मराठ्यांच्या फौजेतली काटक तट्टे याच नावाने ओळखली गेली. इंग्रजी अमदानीत भीमथडी नावाचा तालुकाच होता. १८७५च्या मे महिन्यात सावकारी जाचाविरुद्ध शेतकऱ्यांचा उठाव ज्या सुप्यात पेटला, ते तेव्हा भीमथडी तालुक्यात होते. आज बारामती तालुक्यात आहे. एका अख्ख्या मुलखाला नदीच्या काठाने नाव दिले. आणि भीमेचा तो जुना काठ इथे मैलोगणती पाण्याखाली गेला आहे.

उजनीचे काम १९६६ साली सुरू झाले. भिंत खाली सोलापूर जिल्ह्यात, माढा तालुक्यात. पाणी मात्र मागे फुगत गेले ते इंदापूर, करमाळा, कर्जत आणि दौंड तालुक्यांच्या शिवारांत. धरण भरले की सुमारे ११७ टीएमसी पाणी साठते. त्यातले जवळजवळ ६४ टीएमसी हा मृतसाठा. म्हणजे निम्म्याहून अधिक पाणी नेहमीच्या वाटपाच्या हिशेबाबाहेरचे. तरीही टंचाईच्या वर्षी तेही उपसले जाते, आणि आमच्याकडची माणसे म्हणतात, 'धरण मायनसमध्ये गेलं.' २०२४च्या उन्हाळ्यात ते जवळजवळ उणे ६० टक्क्यांवर गेले होते.

या चढउताराशीच पक्ष्यांचे गणित बांधलेले आहे. रोहित पक्षी, म्हणजे आपला फ्लेमिंगो, पोहत अन्न शोधण्यापेक्षा उथळ पाण्यात उभा राहून चोच उलटी बुडवतो आणि गाळातले बारीक जीव गाळून खातो. धरण काठोकाठ असेल तेव्हा त्याला उभे राहायला जागा नसते. हिवाळ्यात आवर्तने सुटू लागतात, पाणी हटते, दलदल उघडी पडते आणि मग थवे उतरतात. पाऊस जास्त झालेल्या वर्षी ते उशिरा येतात, याचे कारण हेच. हिमालय ओलांडून पट्टकादंब येतात. जवळच्या भादलवाडीच्या तलावावर चित्रबलाकांची वीण होते. हटलेल्या पाण्यामागे जी जमीन मोकळी होते, तिच्यावर शेतकरी गाळपेर करतो. एकाच चिखलावर पक्षी आणि माणूस दोघेही पोट भरतात.

माणसांचा हिशेब पक्ष्यांइतका सरळ जमला नाही. धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रात झाला १९७६ साली. उजनीचे काम सुरू झाल्यावर दहा वर्षांनी. आमच्याच जिल्ह्यात मुळशीच्या मावळ्यांनी १९२१ साली सेनापती बापटांच्या साथीने धरणाविरुद्ध सत्याग्रह केला होता. म्हणजे बुडणाऱ्या गावाचे काय, हा प्रश्न पुणे जिल्ह्याला नवा नव्हता. उत्तर मात्र अर्ध्या शतकाहून अधिक काळ रेंगाळले.

काही वर्षांपूर्वी कुंभारगावला सत्तरीतल्या एका नावाड्याने मला पक्षी दाखवले. नावे त्याला तोंडपाठ होती. मध्येच वल्हे थांबवून तो म्हणाला, ''हितं आमची हीर व्हती. पाणी लई गोड.'' बाकी सगळे रोहित पाहत होते. मी खाली पाहिले. नुसते हिरवट पाणी. पुण्याचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून इथेच येते. ज्याची विहीर गेली, तो आता त्याच जागेवर पाहुण्यांना फिरवून संसार चालवतो. त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. पत्ता सांगावा तसे त्याने सांगितले.

पळसदेवचे जुने पळसनाथ मंदिर उन्हाळ्यात पाणी फार खाली गेले की उघडे पडते. २०१३ला पडले, २०२४लाही पडले. तेव्हा लोक चिखल तुडवत दर्शनाला जातात, वीरगळ पाहतात, फोटो काढतात. गावाची घरे मात्र अशी वर येत नाहीत. आणि धरणाने तोडलेल्या वाटाही पुन्हा पुरत्या जुळल्या नाहीत. समोरासमोरची गावे पाण्याने दूर गेली, रस्त्याचा फेरा मोठा म्हणून माणसे नावेने जाऊ लागली. २१ मे २०२४च्या संध्याकाळी करमाळ्याच्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे निघालेली नाव वादळात उलटली आणि सहा जण बुडाले. ते पक्षी पाहायला निघाले नव्हते.

हे सगळे सांगून मला सहलीचा विरस करायचा नाही. धरण झाले म्हणून सोलापूर पाणी पिते, उसाला पाणी मिळते, आणि रोहितांसाठी एवढी दलदल होते. माझी मागणी लहान आहे. या काठावर पक्ष्यांची चित्रे आणि नावे लिहिलेले फलक लावले जातात. त्यांच्या शेजारी आणखी एक फलक असावा. त्यावर बुडालेल्या गावांची, वाड्यांची, देवळांची आणि दर्ग्यांची नावे असावीत. ज्यांना ती नावे तोंडपाठ आहेत, ती माणसे आता सत्तरीपुढची आहेत. पक्षी पुढच्या हिवाळ्यात पुन्हा येतील. ही नावे लिहून घ्यायची असतील तर तेवढी सवड नाही.